भरवशाचा ठेकेदार

भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण परमुलखात दहा-बारा वर्षे नोकरी केलेल्या मराठी माणसास समजावून सांगावी लागत नाही. तथापि ती नीट तपासून पाहिली तर तिच्यात म्हशीचा काहीच अपराध दिसत नाही. टोणगा होणार नाही असे वचन तिने कोणास दिले होते? भरवसा ठेवला धन्याने, निराशा झाली धन्याची, आणि बोल मात्र म्हशीच्या माथी. गेल्या वर्षी घराच्या दुरुस्तीनिमित्त एका ठेकेदाराशी आमचा जो व्यवहार घडला, त्यानंतर ही म्हण आम्हांस वारंवार आठवते, आणि म्हशीची बाजूही कोणीतरी मांडावयास हवी होती असे वाटू लागते.

सरकारी क्वार्टरात राहणाऱ्यास ठेकेदार शोधण्याची विद्या शिकावी लागत नाही. नळ गळू लागला की केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इन्क्वायरीत तक्रार नोंदवावी, आणि मग वाट पाहावी. माणूस आज येतो की महिन्याने, हा प्रश्न निराळा. पण त्याची निवड आपण केलेली नसते, म्हणून त्याच्या कामाचे पापपुण्यही आपल्या खाती जमा होत नाही. दिल्लीत आमची पहिली नऊ वर्षे अशीच निर्वेध गेली. पुढे गावाकडील जमिनीचा वाटा विकून आणि उरलेली रक्कम सरकारी गृहबांधणी अग्रिमातून उभी करून आम्ही रोहिणीत डी.डी.ए.च्या एका जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर घेतले, आणि त्या दिवसापासून इन्क्वायरीचे छत्र डोक्यावरून गेले.

पहिल्याच वर्षी खालच्या मजल्यावरील मास्टरजी एके सकाळी वर आले. निवृत्त शिक्षक, वृत्तीने अत्यंत मवाळ. त्यांनी तक्रार केली नाही. आमचा हात धरून ते आम्हांस खाली घेऊन गेले आणि आपल्या न्हाणीघराचे छत दाखविले. छताचा गिलावा फुगून आला होता, आणि मधोमध एक तपकिरी डाग ताटाएवढा पसरला होता. आमच्या न्हाणीघरातील पाणी त्यांच्या माथ्यावर उतरत होते. यात वाद घालण्याजोगे काही नव्हते.

मग शोध सुरू झाला. ज्यास त्यास आम्ही एकच प्रश्न विचारीत होतो, ‘कोणी भरवशाचा माणूस आहे का?’ कचेरीत प्रत्येकाजवळ एकेक नाव होते. आश्चर्य असे की, ‘अगदी खात्रीचा माणूस’ असे सांगून झाल्यावर जवळजवळ प्रत्येकाने पुढे एक वाक्य जोडले, ‘पण समोर उभे राहावे लागेल, बरे का!’ ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते तो खात्रीचा कसा, हे कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपण घड्याळावर भरवसा ठेवतो, सकाळच्या मेट्रोवर ठेवतो. घड्याळ मागे पडले तर आपली गैरसोय होते. पण घड्याळाने विश्वासघात केला असे कोणी म्हणत नाही. विश्वासघात माणूसच करू शकतो, कारण विश्वासही माणसावरच ठेवता येतो. अ‍ॅनेट बायर या तत्त्वचिंतिकेने १९८६ साली आपल्या एका निबंधात हा भेद स्पष्ट केला. विश्वास टाकणे म्हणजे आपल्या जिवाला लागलेली एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवून तिचे बरेवाईट करण्याची मोकळीक त्यास देणे, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. आम्हांस हवे होते ते घड्याळ. चावी दिली की चालावे, आणि आपण कचेरीत निघून जावे. हवे होते घड्याळ, आणि चाललो होतो माणूस शोधावयास.

तीन ठेकेदार येऊन पाहून गेले. पहिले वयस्क गृहस्थ. त्यांनी फरशीवर चावीने ठोकून आवाज ऐकला, पाऊण तास खर्च केला आणि ६८ हजारांचा आकडा सांगितला. आमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी तो फोडूनही दाखविला. जुन्या टाइल्स आणि त्यांखालचा सगळा थर स्लॅबपर्यंत काढावयाचा, पाइपाभोवतीची पोकळी भरावयाची, जलरोधक लेपाचे दोन हात द्यावयाचे, तेही भिंतीवर फूटभर वर चढवून. मग तोंड बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवावयाचे, खाली थेंबही उतरला नाही तरच नव्या टाइल्स बसवावयाच्या. कोणत्या बाबीस किती सामान, किती रोज, हे सारे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. त्या कागदात ‘नहाणी ट्रॅप’ असा शब्द पाहून परमुलखात गाववाला भेटल्यासारखे वाटले. आपल्या न्हाणीने बांधकामाच्या धंद्यात बरीच दूरवर मजल मारलेली दिसते. असो.

दुसऱ्याचा आकडा ७४ हजार. तिसऱ्याने उंबऱ्यातूनच आत डोकावून ४१ हजार सांगितले. तपशील विचारला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘हो जाएगा, बाबूजी.’

त्या रात्री आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, ‘हा बाकीचे सत्तावीस हजार कोठून वाचवणार?’ आम्ही त्यांस सरकारी खरेदीचे तत्त्व समजावून सांगितले. निविदा मागवाव्यात, पात्र निविदांपैकी न्यूनतम दराची स्वीकारावी. ज्या टेबलावर दिवसाचे आठ तास आम्ही अशाच फायली चालवितो त्या टेबलाचा अधिकार आमच्या वाणीत होता. सौभाग्यवती गप्प राहिल्या. प्रश्न मात्र तसाच शिल्लक होता.

वस्तुतः आम्ही त्यांस अर्धेच तत्त्व सांगितले होते. न्यूनतम दराच्या भोवती सरकारने शंभर वर्षांच्या कटू अनुभवातून केवढी तटबंदी उभारली आहे, हे आपल्या वाचकांपैकी ज्यांनी अशा फायली हाताळल्या आहेत त्यांस ठाऊक आहे. अनामत रक्कम, कामगिरीची हमी, मोजणीचे पुस्तक, दोषनिवारणाची मुदत. आणि बांधकाम खात्याच्या करारनाम्यातील ते कलम, की जे काम पुढे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी ठेकेदाराने किमान सात दिवस आधी अभियंत्यास लेखी सूचना दिली पाहिजे. जे डोळ्यांआड जाणार तेथेच खोट राहते, हे ओळखून ते कलम लिहिले गेले. इतके करूनही न्यूनतम दराचा दोष सरकारच्या ध्यानात आला नाही असे नाही. २०१७ साली वित्तीय नियम नव्याने लिहिले गेले. २०२१ च्या ऑक्टोबरात अर्थ मंत्रालयाने काही विशिष्ट कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार देण्याची मुभा दिली. ही सगळी सावधगिरी आम्हांस मुखोद्गत. घरी येताना तिच्यातील फक्त न्यूनतम दर तेवढा आम्ही खिशात घालून आणला, कारण बाकीच्यांस वेळ आणि पैसा लागतो.

कामास दोन माणसे आली, एक गवंडी आणि एक बिगारी. इकडे त्यांस राजमिस्त्री आणि बेलदार म्हणतात. दोघे सकाळी आठास येत, दुपारी जिन्यात बसून डबा खात. संसदेचे अधिवेशन सुरू असल्यामुळे रजेचा प्रश्नच नव्हता. ज्या दिवशी लेप द्यावयाचा होता त्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरी येऊन पाहतो तो टाइल्स बसूनही गेलेल्या! पाणी कोंडून ठेवल्याची खूण कोठेच नव्हती. तेवढे दिवसच मध्ये गेले नव्हते. आम्ही ठेकेदारास फोन केला. ‘सब हो गया, बाबूजी,’ तो म्हणाला, आणि आम्ही फोन ठेवला.

येथे आम्हांस वाचकांपाशी एक कबुली द्यावयाची आहे. त्या क्षणी ते उत्तर आम्हांस खरे वाटले नव्हते. तरीही आम्ही ते पत्करले. कारण खोटे ठरविले तर टाइल्स उखडणे आले, भांडण आले, रजा आली. ज्यास आपण पुष्कळदा विश्वास म्हणतो तो आपला आळस असतो काय, ही शंका तेव्हापासून आमचा पिच्छा सोडीत नाही.

टप्प्याटप्प्याने २९ हजार दिले होते. १२ हजार महिन्याभराने द्यावयाचे ठरले होते. तीन आठवडे झाले नाहीत तोच मास्टरजी पुन्हा वर आले. या वेळी त्यांनी हात धरला नाही, नुसती मान हलविली. डाग परत आला होता. आम्ही ठेकेदारास निक्षून कळविले, की काम पुन्हा नीट केल्याखेरीज उरलेल्या रकमेपैकी एक पैसाही मिळणार नाही. त्याने दोनदा ‘येतो’ म्हटले, आणि मग फोन उचलणेच सोडून दिले. आमच्या स्नेह्यांनी आम्हांस शाबासकी दिली. पैसे अडकवून ठेवले हेच शहाणपणाचे झाले, असे सर्वांचे मत पडले. आमचेही तेच होते.

एका रविवारी सकाळी गवंडी दारात उभा राहिला. त्याची आणि बेलदाराची अकरा दिवसांची मजुरी बुडाली होती. ठेकेदार म्हणतो, बाबूजींनी पैसे अडकविले आहेत, तेथे जाऊन मागा. आम्ही त्यास शांतपणे सांगितले, की आमचा व्यवहार ठेकेदाराशी आहे, आणि तुमचाही ठेकेदाराशीच आहे. त्याने वाद घातला नाही. पाणी मागितले, ते प्याला, आणि न्हाणीघराच्या दिशेने पाहून म्हणाला, ‘दुसऱ्या हाताचे सामानच आले नव्हते, बाबूजी. मी म्हटले होते त्याला.’ मग तो जिना उतरून गेला.

आम्ही त्यास जे सांगितले त्यात कायद्याच्या दृष्टीने काही वावगे नव्हते. परंतु त्या सकाळपासून एक प्रश्न मनातून जात नाही. दोषी माणसास दंड करण्याचा आमचा अधिकार मान्य केला, तरी तो दंड प्रत्यक्षात जर निराळ्याच माणसाने भरला, आणि भरणार आहे हे आम्हांस कळलेले आहे, तर तो अधिकार बजावणे न्याय्य राहते काय?

खोट्या कामाबद्दल शिक्षा असावी यात नवे काही नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शासन सांगितले आहे, आणि भिंत कलली तर ती त्याने पदरच्या पैशाने सावरून द्यावी असेही म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच कारागिरांचा विचार आहे. ठरल्या वेळी काम न देणाऱ्याचे वेतन चतुर्थांशाने कमी करावे आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा, असा तो हिशेबी माणूस सांगतो. पण या नियमांत काम करणारा हात आणि पैसे घेणारा हात एकाच देहाचे आहेत असे गृहीत धरलेले दिसते. आमच्या न्हाणीघरात ते दोन देह होते. एकाने पैसे घेतले, दुसऱ्याने टाइल्स बसविल्या. ठेकेदारीची सोय म्हणतात ती हीच. तिच्यामुळे आपणास काम मिळते, आणि काम करणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही.

ही सोय किती दूरवर नेता येते, याची परीक्षा याच दिल्लीत एकदा झाली आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी येथे क्रीडागारे आणि पूल उभारले जात असताना मजुरांचे रोज ९ रुपये २५ पैसे ठेकेदार जमादारांच्या हाती देत, आणि जमादार त्यातील रुपया कापून उरलेले मजुरास देत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कामे काढणाऱ्यांत ज्या डी.डी.ए.ने आमचे हे घर बांधले तीही होती. मजूर ठेकेदाराचे, आमचा त्यांच्याशी संबंध काय, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरातील निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी असे ठरविले, की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले श्रम ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. त्या कलमात ‘बेगार’ हा शब्द आहे, आणि आपण मराठीत ज्यास सहज बिगारी म्हणतो त्याचे नाव त्या बेगारीतूनच आलेले आहे. अकरा दिवस आम्ही त्या नावाने ज्याचा उल्लेख करीत होतो, त्यास आम्ही ते नाव सार्थ करून दाखविले.

१९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यात तर स्पष्टच होते, की ठेकेदाराने मजुरी बुडविली तर मूळ मालकाने ती भरावी आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घ्यावी. आमच्या कचेरीत या तरतुदीची टिपणे आम्ही स्वहस्ते लिहिलेली आहेत. तो कायदा वीस किंवा अधिक मजूर असतील तेथे लागू होत असे. आमच्याकडे दोनच होते. उलट ग्राहक म्हणून आमच्यासाठी दार उघडे आहे. घरबांधणी ही सेवा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या खटल्यात दिला, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यानेही ती गोष्ट कायम ठेवली आहे. गवंडी कोणाचाच ग्राहक नाही.

यावर आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणाले, ‘तुम्ही उगाच मनास लावून घेता. कारकुनाच्या घरात सत्तावीस हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. त्याने दर सांगितला, तुम्ही मान्य केला. प्रत्येक स्वस्त वस्तूमागे कोण उपाशी राहिला याचा शोध घेत बसलो तर बाजारात पाऊल टाकता येणार नाही.’ या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. भाजी घेताना आम्ही तसा शोध घेत नाही. परंतु येथे पहिल्या ठेकेदाराने सगळा हिशेब कागदावर लिहून आमच्या हातात ठेवला होता. सामान किती, रोज किती, हे आम्हांस ठाऊक होते. ४१ हजारांत दोन्ही बसत नाहीत, एक तरी बुडणार, हे बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणासही दिसले असते. सौभाग्यवतींस ते दिसले होतेच. हिशेब कळलेला नव्हता तोवर आम्ही ग्राहक होतो. कळल्यानंतरही तो दर पत्करला, तेव्हा आम्ही त्या बुडवाबुडवीत भागीदार झालो. ठेकेदाराने आम्हांस फसविले हे खरेच. पण ज्या फसवणुकीचे आमंत्रण आम्हीच छापून पाठविले होते, तिच्याबद्दल तक्रार किती मोठ्या आवाजात करावी?

परमुलखातील आपल्या मंडळींत अशा वेळी एक उपाय हटकून सुचविला जातो. ‘आपला माणूस’ पाहावा. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेला, मराठी बोलणारा, फार तर ओळखीच्याच्या ओळखीचा. आम्हांसही हा मोह झाला होता, आणि मागे एकदा विजेच्या कामात आम्ही त्याची फळेही चाखली आहेत. त्या हकिकतीत येथे शिरत नाही. भाषा एक असली म्हणजे भांडण अधिक सफाईने करता येते, एवढाच लाभ आमच्या पदरी पडला.

मग कोणी गावाकडील दिवसांची आठवण काढतात. गावचा सुतार आजोबांच्या वेळेपासूनचा. तो फसवील कशाला आणि पळून जाईल कोठे? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त या बलुतेदारीचे चित्र आहे. सुगीला धान्य, आणि वर्षभर काम. त्या व्यवस्थेत भरवसा होता खरा, पण त्याचे कारण बलुतेदारास सुटून जाण्याची वाट नव्हती हे होते. ज्यांस ती सेवा करावी लागत होती त्यांच्या बाजूने पाहणाऱ्यास तिच्यात विश्वास दिसला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते यासाठीच. शहरात आलेला गवंडी मोकळा आहे, आम्हीही मोकळे आहोत. एकमेकांस दगा देण्याची मुभा या मोकळेपणाबरोबरच आली, आणि तिच्यावाचून विश्वासास काही अर्थही राहत नाही. बांधलेल्या माणसावर विश्वास कसला ठेवणार?

ते १२ हजार आम्ही खर्च केले नाहीत. गवंड्यास द्यावे तर, ठेकेदार उद्या तेच पैसे पुन्हा मागेल, असा सल्ला कचेरीतून मिळाला, आणि तो चुकीचा नव्हता. तरी अखेर देण्याचे ठरवून एका रविवारी पहाटे आम्ही घरापासून मैलभर अंतरावर असलेल्या लेबर चौकात गेलो. थापी, ओळंबा, रंगाचे ब्रश घेऊन दीडदोनशे माणसे रस्त्याच्या कडेला उभी असतात. आम्हांस पाहून आठदहा जण धावत आले. कोणास शोधता, असे एकाने विचारले, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले, की आम्हांस त्याचे नाव ठाऊक नाही. अकरा दिवस तो आमच्या घरात वावरला, आमच्या सौभाग्यवतींच्या हातचा चहा त्याने घेतला, आणि आम्ही त्यास ‘मिस्त्री’ यापलीकडे काही म्हटले नव्हते. उंची, वय, मिशा असे वर्णन करून पाहिले. तसे तेथे वीसजण तरी असावेत. त्यानंतर आणखी दोन रविवार जाऊन आलो.

मास्टरजींचे छत तसेच आहे. आता आम्ही त्या पहिल्या वयस्क ठेकेदारांस पुन्हा बोलावले आहे. आधीचे काम उखडावे लागणार म्हणून त्यांचा दर आता ७२ हजार झाला आहे, आणि आम्ही तो घासाघीस न करता मान्य केला. एक अट मात्र घातली. रोज सायंकाळी मजुरी आमच्या समोर माणसांच्या हातात द्यावी, आणि त्यांची नावे पहिल्याच दिवशी आम्हांस सांगावीत. गृहस्थ थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. तीस वर्षे या धंद्यात आहेत. असे त्यांस आजवर कोणी विचारले नसावे. मग किंचित दुखावल्या स्वरात म्हणाले, ‘म्हणजे बाबूजी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?’

आम्ही त्यांस अजून उत्तर दिलेले नाही. शनिवारी टाइल्स फोडावयास सुरुवात होणार आहे.